केअर ऑफ अनिरुद्धराव

चौसष्ट रकाने जास्त झाले, हे मला आजही मान्य नाही.

सुप्रभाचं, म्हणजे माझ्या मुलीचं म्हणणं असं की, उमेदवाराबद्दल नऊ गोष्टी कळल्या की कुठल्याही कंपनीला नोकरी द्यायला पुरे होतात. ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते. त्या क्षेत्रातली माणसं नऊ गोष्टींवर सगळं आयुष्य काढत असतील. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत घालवली, त्यातली शेवटची अकरा सुपरिंटेंडेंट म्हणून, आणि माझ्या हाताखालून गेलेला एकही फॉर्म 'अपुरी माहिती' असा शेरा घेऊन परत आलेला नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर इंटरनेटवर नोकऱ्यांचा फलक काढायचं ठरलं, तेव्हा फॉर्म कोण तयार करणार हा प्रश्न मी कोणाला विचारूच दिला नाही.

ही गोष्ट सन दोन हजारातली. तंजावुरात तेव्हा दर दोन गल्ल्यांआड एक ब्राउझिंग सेंटर निघत होतं. देशात नोकऱ्यांचा पूर आलाय असं रोज पेपरात छापून येई, आणि तो पेपर माझा मेहुणा कल्याणराम माझ्याच ओट्यावर बसून लाल पेन्सिलीनं तपासत असे.

तपासत म्हणजे खरोखरच तपासत. कल्याणराम मंगलांबिका छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, पंचांगं, स्तोत्रांची पुस्तकं, कुठल्याही लिपीतला मजकूर आणा, हा शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ उभी करायचा. मग मालकानं कॉम्प्युटर आणले, खिळे वजनावर विकले आणि कल्याणरामाच्या खांद्यावर शाल घालून त्याला निरोप दिला. त्याची बायको आणि मुलगी हरिप्रिया 'चार दिवसांसाठी' पापनाशमला आजोळी गेल्या, त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हापासून तो आमच्याकडेच राहत होता. दर रविवारी तो धुतलेली वेष्टी नेसून त्यांना भेटायला निघे आणि बहुतेक रविवारी तासाभरानं परत येई. "बसला फार गर्दी होती," म्हणे. पापनाशमची बस दर दहा मिनिटांनी सुटते. माझी बायको अलमेलु भावाला काही विचारत नसे, फक्त आणखी एक पान मांडत असे.

मी त्याच्यासाठी एकदा अर्ज लिहायला घेतला होता. त्यानं माझ्या हातून कागद काढून घेतला आणि त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून परत दिला.

"भावजी," तो म्हणाला, "मज कोणाच्या दारांत उभा करूं नोका. माझ्या नांवानें एक अर्ज गेला म्हणून कळलें, तर त्या दिवशीं मी ह्या घरांतून गेलों म्हणून समजा."

आता अशा माणसाला नोकरी कशी लावायची? मी कचेरीतला माणूस. एका माणसाचं काम अडलं तर सगळ्यांसाठी योजना काढायची आणि त्या गर्दीत त्याचा कागद सरकवायचा, हे मला नवीन नव्हतं. म्हणून फलक. तीनेकशे वर्षांपासून इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींसाठी, अगदी सार्वजनिक.

साधनं आयती मिळाली. एका मासिकाबरोबर फुकट चकती आली होती: 'पंधरा मिनिटांत स्वतःचा जॉब बोर्ड'. तिच्यावर तीन प्रोग्राम होते. एक पानं बनवणारा, दुसरा लोकांनी भरलेले फॉर्म साठवणारा आणि तिसरा पान किती जणांनी पाहिलं ते मोजणारा. "अप्पा, हे तयार साचे आहेत," सुप्रभा म्हणाली. "नांव बदला, रंग बदला, होऊन गेलें." त्या पंधरा मिनिटांना आम्हाला चार महिने लागले.

पहिला महिना संघाच्या ठरावात गेला. मेलवीदी, म्हणजे आमची गल्ली, तिथल्या मराठी संघाचे चिटणीस गोपालकृष्ण हे माझे शेजारी. त्यांचा मुलगा सतीशकुमार अमेरिकेत आहे, त्यामुळे इंटरनेटचा विषय निघाला की ते घरचं कार्य असल्यासारखे पुढे होऊन बसतात. त्यांनी सभा बोलावली. विषय एकच, पान कुठल्या भाषेत काढायचं. मराठीतच, असं सगळे एकमुखानं म्हणाले. मग देवनागरी कोणाकोणाला वाचता येते अशी विचारणा झाली. सव्वीस जणांत चार हात वर आले, त्यातल्या एकाचा चष्मा घरी राहिला होता. मराठी तमिळ अक्षरांत लिहावी अशी सूचना आली, तिला दोन राजीनाम्यांच्या धमक्या मिळाल्या. शेवटी ठराव झाला तो असा की, पान इंग्रजीत असावं, पण वर शोभेला देवनागरीत 'स्वागतम्' असावं. एवढी स्वभाषेची सेवा करून सभेनं कॉफी घेतली.

ते 'स्वागतम्' सुप्रभानं कॉम्प्युटरवर तयार केलं. कल्याणराम मागून जाता जाता थांबला. त्यानं मान वाकडी केली. "त्या ग आणि कान्याच्या मधून उंदीर जाईल," एवढं बोलून तो ओट्यावर गेला. मला राग आला होता, पण तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं ते हेच.

मग मुहूर्त. गोपालकृष्णांनी पंचांग पाहून सोमवार सकाळ, सात ते साडेसात काढून दिली. मोडेम सात वाजल्यापासून किंचाळत होतं. जोडणी मिळाली ती सात बत्तीसला, आणि सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. अलमेलूनं पुढे होऊन सरळ तारच उपटली. "इंटरनेट कोठें जात नाही," ती म्हणाली. "नवाला लावा." नवाला लावलं. पान उघडलं. वर एका बाईच्या फोटोसकट वजन उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात होती, कारण जागा फुकट होती आणि फुकट जागा देणाऱ्यानं जाहिरात लावायची अशी त्यांची अट होती.

गोपालकृष्ण खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पाहत राहिले. "ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. "संघाची सभासद आहे का?"

आता रकान्यांविषयी. साच्यातल्या फॉर्ममध्ये नऊच रकाने होते. मी ते चौसष्ट केले. रक्तगट, उंची, कुठली वाद्यं येतात, वाहन परवाना, अपेक्षित पद, सगळं घेतलं. रकाना एकसष्ट होता 'अन्य विशेष कौशल्य'. रकाना अडतीस होता 'एकत्र राहणाऱ्या कुटुंबीयांची संख्या', आणि त्यावरून माझं सुप्रभाशी चांगलंच वाजलं.

"अप्पा, कुठली कंपनी हें विचारते?"

"माणूस कोणासाठी नोकरी करतो तें कंपनीस कळाय नोको?"

"कळून काय करणार?"

मी चिडलो. रकाना राहिला. सुप्रभा दुसऱ्या दिवशी तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला त्रिचीला गेली, आणि जाताना मला एवढंच सांगून गेली की, लाल फुली असलेले रकाने रिकामे ठेवले तर प्रोग्राम फॉर्म घेणार नाही.

लाल फुली रकाना सातवर होती. ई-मेल.

ई-मेल कोणाकडेच नव्हती. पण पत्ता नसला तर काय करायचं हे आमच्या गल्लीत कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या आजोबांच्या नावावर अर्ध्या मेलवीदीची पत्रं येत. शिकायला आलेले विद्यार्थी, बदलीवरचे कारकून, माहेरच्या पत्राची वाट पाहणाऱ्या सुना, सगळे केअर ऑफ आमचं घर. वडिलांनीही तेच केलं. तेव्हा मी माझ्या, म्हणजे अनिरुद्धरावाच्या, नावे एक ई-मेल काढली आणि प्रत्येकाच्या सातव्या रकान्यात तीच घातली. खरं सांगतो, प्रत्येक वेळी छाती थोडी फुगत होती.

पहिला फॉर्म मी कल्याणरामाचा भरला. तो आंघोळीला गेला होता. चाचणी म्हणून भरतो आहे असं मी स्वतःला सांगितलं. एकसष्टमध्ये लिहिलं: तमिळ, तेलुगू, देवनागरी, तीन लिप्यांचे खिळे जुळवणे, उलटं अक्षर सरळ वाचणे, तीस वर्षे. अडतीसमध्ये 'एक' लिहिताना मात्र माझा हात थांबला. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं तसं घाईनं लिहून टाकलं.

नंतर बेचाळीस जण येऊन गेले. ओरत्तनाडूहून एकोजी आला, सहा फूट एक इंच, शेतकीतला एम.एस्सी., आणि बिचारा वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधत होता. वीणा शिकवणाऱ्या बाई आल्या, जड वाहनांचे चालक आले, निवृत्त व्हायला दोन वर्षं उरलेले एक शिक्षक आले, त्यांना मुख्याध्यापक व्हायचं होतं. सगळ्यात शेवटी माझी चंद्रमती आत्या आली. वय एकाहत्तर. तिला नोकरी नको होती. तिचं मावडू, म्हणजे मिठातल्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं, जगाला कळावं एवढीच इच्छा होती, म्हणून ते मी 'छंद' ह्या रकान्यात बसवलं. मी प्रत्येकाला समोर बसवून भरून घेतलं. ज्याला जे रकाने लागू नव्हते किंवा सांगावेसे वाटले नाहीत ते त्यानं कोरे सोडले. दर वेळी पडद्यावर इंग्रजीत अक्षरं येत, 'आपली माहिती अद्ययावत करण्यात आली आहे'. अद्ययावत! मला तो शब्द फार आवडला. पान पाहणाऱ्यांचा आकडा दोनशेवर गेला, त्यातले एकशे नव्वद मीच होतो हे मला नंतर कळलं.

आणि मग एके दिवशी पत्र आलं. मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, एका कंपनीतून, कोणी भरद्वाज. 'श्रीमती चंद्रमती यांची माहिती असाधारण आहे. आम्हाला अशाच व्यक्तीची गरज आहे. गुरुवारी मी तंजावुरात येत आहे. भेट होऊ शकेल का?'

मी ते तीन वेळा वाचलं. मावडूचा एवढा लौकिक? पण कंपनी येते आहे ही गोष्ट खरी होती, आणि ती मी फक्त गोपालकृष्णांना सांगितली. दुपारपर्यंत ओरत्तनाडूला कळलं होतं.

गुरुवारी सकाळी नऊपर्यंत माझ्या घरात बेचाळीस उमेदवार होते. मंगल कार्यालयातून खुर्च्या आणल्या. कोणी येऊन आपल्या घरातल्या माणसाला पाहणार म्हटल्यावर काय करायचं, हे अलमेलूला एकाच प्रकारे ठाऊक होतं. मुलगी पाहायला येणाऱ्यांना देतात तसा तिनं सोज्जी-बज्जीचा घाट घातला. तुमच्याकडचा शिरा तो सोज्जी. कल्याणराम म्हणाला, "मी त्या अस्क्यांच्या ओळींत बसत नाही. मी अर्ज दिला नाही." तुमचे सगळे ते आमचे अस्के; त्या सगळ्यांना कॉफी द्यायच्या कामावर त्याला लावलं.

सुप्रभा आदल्या संध्याकाळी परतली होती. तिनं सकाळी ती यादी प्रथमच उघडली आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. तिचा आवाज ऐकूनच मी दार लावून घेतलं.

"अप्पा, यादींत एकच माणूस आहे."

"बाकीचे?"

"ह्यांतच आहेत." तिनं छापलेला कागद वाचायला सुरुवात केली. "नांव, चंद्रमती. वय, एकाहत्तर. उंची, सहा फूट एक इंच."

"ती एकोजीची."

"शिक्षण, शेतकींत एम.एस्सी."

"तेंही त्याचेंच."

"वाद्य, वीणा. वाहन, जड. विवाह झालेला नाही. अपेक्षित पद, मुख्याध्यापक."

आत्येला सात नातवंडं आहेत. मी खाली बसलो. सुप्रभानं समजावून सांगितलं. प्रोग्राम माणूस ओळखतो तो ई-मेलवरून. तीच ई-मेल पुन्हा आली की त्याला वाटतं, जुनाच माणूस आपली माहिती बदलतो आहे. नवं लिहिलं तिथे जुनं पुसलं जातं. कोरं सोडलं तिथे जुनं राहतं. मी बेचाळीस वेळा एकाच माणसाला अद्ययावत केलं होतं.

"आणि हा एकसष्ट?" ती हळू आवाजात म्हणाली. "हा कोणी पुसला नाही. हा मामाचा, नाही का? मामास ठाऊक आहे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

भरद्वाज तिशीचा असेल. खांद्याला पिशवी, चेहरा झोप अपुरी राहिल्यासारखा. आमच्याशी तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलत होता. अलमेलु त्याच्यापुढे बज्जी ठेवताना मराठीत मला म्हणाली, "अहो, हा तर कॉलेजांतला पोर दिसतो. हा काय नोकरी देणार?" तो बज्जीकडे पाहत राहिला.

"चंद्रमती मॅडम?" त्यानं विचारलं.

आत्या बरणी घेऊन पुढे आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. भरद्वाजनं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "इथे उंची सहा फूट एक इंच लिहिली आहे."

"तरुणपणीं होतें असेन," आत्या म्हणाली.

आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता. मी उठलो. तपासणीला आलेल्या साहेबापुढे उभं राहतात तसा उभा राहिलो आणि बेचाळीस माणसांसमोर सांगितलं की, हा उमेदवार अस्तित्वात नाही, हा आम्ही सगळे मिळून झालेला आहे, आणि ही चूक संपूर्ण माझी आहे. चौतीस वर्षांत मी असं वाक्य उच्चारलं नव्हतं. ते बोलताना कान तापले.

"म्हणजे माझा अर्ज गेलाच नाही?" एकोजीनं मागून विचारलं.

"गेला," सुप्रभा म्हणाली. "उंची आणि डिग्री गेली. नांव राहिलें."

भरद्वाज हसला नाही, ह्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे. तो म्हणाला, "सर, मी बाकी कशासाठी आलोच नाही. मी एकसष्टसाठी आलो. तो कोणाचा आहे?"

मी पंख्याकडे पाहिलं. सुप्रभानं फरशीकडे पाहिलं. नाव घ्यावं तर तो माणूस घर सोडून जाणार, न घ्यावं तर हातातोंडाशी आलेली नोकरी गाडीत बसून परत जाणार. गोपालकृष्णांनी मदत म्हणून विचारलं, "सतीशकुमारास विचारूं का?"

भरद्वाजनं पिशवीतून काही कागद काढून टेबलावर पसरले. त्यांची कंपनी कॉम्प्युटरसाठी आपल्याकडच्या लिप्यांची अक्षरं बनवते. तीन इंजिनिअर दहा महिने खपताहेत, तो म्हणाला, पण छापून आलं की डोळ्याला खुपतं आणि का खुपतं ते कोणालाच सांगता येत नाही. त्याला खिळ्यांतला माणूस हवा होता. तसे आता सापडत नाहीत.

त्याच वेळी कल्याणराम कॉफी घेऊन आला. टेबलाच्या पलीकडून, म्हणजे कागद त्याला उलटे दिसत होते. तो थांबला. पेले एका बाजूला घसरायला लागले.

"हें कोणी केलें?" तो म्हणाला.

त्यानं कॉफीचं ताट गोपालकृष्णांच्या मांडीवर ठेवलं आणि कानामागची लाल पेन्सिल काढली. कागद फिरवूनही घेतला नाही. "ही वेलांटी बघा. पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसाय पाहिजे, तुम्ही वाटेंतच सोडली. हें तेलुगू. खालचें अक्षर वरच्याच्या पोटांत शिरलें आहे, श्वास कोठून घेणार तें? आणि ही ओळ. अक्षरें अस्कीं बेस आहेत, पण मधली जागा कोणी मोजली नाही. जागा पण अक्षरच असते, सार." तो वाकून लाल खुणा करत होता आणि भरद्वाज त्याच्यासाठी खुर्ची सरकवत होता. कल्याणराम बसला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. दोन वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. अलमेलु स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभी होती आणि झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

पहिला कागद लाल झाल्यावर भरद्वाजनं विचारलं, "किती वर्षं केलंत हे काम?"

"तीस."

"म्हणजे एकसष्ट तुमचा."

त्यानं तो छापलेला फॉर्म पुढे केला. कल्याणरामानं वाचला.

"भावजी, हें कोणी लिहिलें?"

"मी."

"मज न विचारतां."

"होय. तूं आंघोळीस गेला होतास." मग जे खरं होतं ते बोलून टाकलं. "कल्याणा, मज तुझें रविवारीं परत येणें पाहवत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे त्याची ट्रंक आली, पापनाशमची बस आली, अलमेलूचा चेहरा आला. मग त्यानं पेन्सिल टेकवली.

"तीन लिप्या लिहिल्या आहेत," तो म्हणाला. "संस्कृताची ग्रंथ लिपी कोठें गेली? चार पाहिजेत." आणि त्यानं तीन खोडून चार केले.

मी डोळे पुसले. पुसले असं सांगायला आता मला लाज वाटत नाही.

तीन महिने चाचणी, मग कायम, असं ठरलं. भरद्वाजनं बाकीच्या सगळ्यांची नावं स्वतःच्या वहीत लिहून घेतली, कोणाचं कोणाकडे सांगता येईल म्हणून, आणि आत्येची बरणी मागून घेतली. निघताना तो दारात अलमेलूपुढे उभा राहिला आणि एकेक मराठी शब्द शोधत म्हणाला, "माझी आजी बोलत होती. मज कळतें अस्कें. बोलाय येत नाही. बज्जी बेस होती." अलमेलु जी आत गेली ती गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर मी बेचाळीस जणांना बेचाळीस ई-मेल काढून दिल्या. सुप्रभानं यादी दुरुस्त केली. आता यादीत माणसं वेगवेगळी दिसतात आणि आपापल्या उंचीची असतात. एकोजीला त्रिचीच्या एका बियाणांच्या कंपनीनं बोलावलं. वीणेच्या बाईंना दोन शिष्या मिळाल्या. मुख्याध्यापक अजून थांबले आहेत, पण रोज येऊन पाहतात. हे सगळं राहुकाळ टळल्यावर नऊला पुन्हा लावल्यामुळे झालं असं गोपालकृष्ण सांगत असतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

एकाच गोष्टीवर तोडगा निघत नव्हता, ती म्हणजे फॉर्म. पाच महिन्यांनी एका रविवारी सुप्रभानं नऊ रकान्यांचा नवा फॉर्म तयार करून पडद्यावर लावला. मी थकलो होतो. कर काय करायचं ते, असं म्हणून मी खुर्ची सोडत होतो, इतक्यात जुन्या फॉर्मवर एक नवी नोंद आलेली दिसली.

नाव, कल्याणराम. रकाना सात, त्याची स्वतःची ई-मेल. ह्या नोंदीनं कोणालाच पुसलं नव्हतं. मी अलमेलूला हाक मारली आणि फॉर्म वाचायचा तसा पहिल्यापासून क्रमानं वाचत गेलो. पत्ता, चेन्नई. सध्याचं काम, अक्षर तपासणं. अपेक्षित पद, 'नको, आहे.' त्यानं चौसष्टच्या चौसष्ट रकाने भरले होते आणि वाटेत माझ्या इंग्रजीतल्या सतरा चुकांची यादी जोडली होती.

अडतीसावर येऊन मी थांबलो. तिथे लिहिलं होतं, तीन.

अलमेलूनं त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग उठून आत गेली. पानं मांडायला घेतलेली असावीत; रविवारचं ते जादा एक परत ठेवल्याचा आवाज आला.

सुप्रभा पडद्याकडे पाहत होती. तिनं नव्या फॉर्ममध्ये खाली एक ओळ वाढवली.

"दहा ठेवूं, अप्पा," ती म्हणाली.